रेषा कोणाच्या बाजूने? जपानी मांगातल्या घरगुती कथांविषयी

मंडळी, नमस्कार.

शिनचॅन तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, निदान घरातल्या मुलांमुळे. टीव्हीवर हिंदीत बोलणारा, आईला जेरीस आणणारा पाच वर्षांचा पोरगा. पण हा पोरगा मुलांच्या मासिकात जन्मला नव्हता. योशितो उसुई यांनी १९९० साली तो आणला 'मांगा अ‍ॅक्शन' नावाच्या नियतकालिकात (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा), आणि त्याचा वाचक होता नोकरी करणारा प्रौढ पुरुष. घराचं बत्तीस वर्षांचं कर्ज, सेलच्या जाहिराती बघून खरेदीला धावणारी आई, दमून घरी येणारा बाप, हे सगळं त्या वाचकाच्या रोजच्या ओळखीचं होतं. दंगा शिनचॅनचा, संसार मात्र वाचकाचा.

त्याच नियतकालिकात २००७ ते २००९ या काळात फुमियो कोनो यांची युद्धकाळातल्या एका सुनेची कथा छोट्या छोट्या प्रकरणांतून येत होती. तिच्याबद्दल पुढे बोलणारच आहे. आधी माझा आजचा प्रश्न मांडतो.

घरातल्या रोजच्या जगण्यावर कथा लिहायची म्हटलं की पहिली अडचण येते ती घटनेची. घरात काही घडतच नाही, किंवा जे घडतं ते रोजच घडतं. गद्य लिहिणारा पात्राच्या मनात शिरून सांगू शकतो. सिनेमाकडे नटाचा चेहरा असतो. चित्र काढणाऱ्याला मात्र प्रत्येक चौकटीत ठरवावं लागतं की ही खोली, हा ओटा, हे माणूस नेमकं कोणाच्या नजरेने काढायचं. माझ्या मते घरगुती मांगाचं सगळं सामर्थ्य या एका निर्णयात आहे. ज्याच्याकडे घरात कुणाचं लक्ष नाही, त्याच्या बाजूने रेषा उभी राहते का? राहिली तर कशी?

फुमिको ताकानो यांची 'तानाबे नो त्सुरु' ही कथा घ्या. ताकानो १९५७ साली निइगाता प्रांतात जन्मल्या, काही काळ त्यांनी परिचारिका म्हणून काम केलं. ही कथा त्यांच्या १९८२ सालच्या पहिल्या संग्रहात आहे. त्सुरु ही तानाबे घराण्यातली ब्याऐंशी वर्षांची आजी. तिला विस्मरण झालेलं आहे आणि घरच्यांना तिचं करावं लागतं. कथेत एवढंच आहे. पण ताकानोंनी ही आजी काढली आहे ती लहान मुलीसारखी. बाहुलीसारखा फ्रॉक, गोल चेहरा. घरातले बाकी सगळे आपापल्या वयाचे आहेत आणि तिच्याशी बोलतात ते चिडून, थकून, म्हातारीशी बोलावं तसंच. चौकटीत मात्र आपल्याला दिसते ती मोठ्या माणसांच्या पायांत घुटमळणारी एक पोर.

याचा परिणाम काय होतो ते नीट बघा. आजी वैताग आणते तेव्हा घरच्यांचा वैताग आपल्याला पटतो, कारण संवाद त्यांच्या बाजूचे आहेत. त्याच चौकटीत तिचा निरागसपणाही पटतो, कारण चित्र तिच्या बाजूचं आहे. ती स्वतःला जशी आतून समजते तशीच आपल्याला दिसते. बाहेरून ती कशी दिसत असेल याची कल्पना आपण करायची. सुरकुत्या, वाकलेली पाठ, काही म्हणजे काही काढलेलं नाही. ज्यांनी घरात अशा आजारी माणसाचं केलं आहे त्यांना या कथेत दोन्ही बाजूंनी बोचत राहतं. करणाऱ्यांचा कंटाळा ती खोटा ठरवत नाही आणि त्सुरुलाही दयेचा विषय करत नाही. मी वाचलेल्या चित्रकथांत हा निर्णय मला सर्वांत धाडसी वाटतो.

मुरासाकी यामादा यांची पद्धत अगदी वेगळी. 'गारो' हे मासिक कात्सुइची नागाई यांनी १९६४ साली सुरू केलं होतं. वेगळं काही करू पाहणाऱ्या चित्रकारांना तिथे जागा मिळे. त्यात १९८१ ते १९८४ या काळात यामादांची 'शिन्किरारि' ही मालिका आली. चिहारु नावाची गृहिणी, नवरा आणि दोन मुली. प्रत्येक कथा काही पानांचीच. यामादा रेषा इतक्या कमी वापरतात की बऱ्याच चौकटींत पार्श्वभूमी कोरी असते, आणि कधी कधी चिहारुच्या चेहऱ्यावर नाक-डोळेही नसतात. घरात तिच्याकडे आई म्हणून पाहतात, बायको म्हणून पाहतात, चिहारु म्हणून कुणी पाहत नाही. हे वाक्य पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही, कोऱ्या चेहऱ्यातून ते आपल्यापर्यंत पोचतं. चिहारु घर सोडून जात नाही, मोठं भांडणही काढत नाही. स्वतःचे थोडे पैसे मिळवू लागते, आणि तेवढ्यानेही घरातली हवा बदलते. हे पुस्तक २०२२ साली इंग्रजीत आलं आहे. शक्य असेल त्यांनी जरूर मिळवून वाचावं.

आता कोनो. 'कोनो सेकाइ नो कातासुमि नि', म्हणजे या जगाच्या एका कोपऱ्यात. हिरोशिमाची सुझु लग्न होऊन जवळच्याच कुरे या नौदलाच्या बंदरगावी येते. प्रत्येक प्रकरणावर साल आणि महिना छापलेला आहे, जपानी सनावळीप्रमाणे, म्हणजे त्या त्या सम्राटाच्या कारकिर्दीची वर्षं मोजून. १९४४ म्हणजे शोवा १९, आणि मासिकाचा अंक हातात पडत होता तेव्हा चालू होतं २००७, म्हणजे हेसेइ १९. आकडा तोच, महिनाही तोच. वाचक आणि सुझु एकाच गतीने पुढे सरकत होते, आणि विसाव्या सालचा, म्हणजे हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तो १९४५ चा ऑगस्ट येणार आहे हे त्या दोघांपैकी फक्त वाचकाला ठाऊक होतं.

त्या ऑगस्टपर्यंत पानांवर दिसतो तो स्वयंपाक. रेशन अपुरं पडतं म्हणून सुझु रानातला पाला खुडून आणते. तांदूळ फुगवून जास्त दिसावा म्हणून एक युक्ती तेव्हा सांगितली जात होती आणि तिला कुसुनोकी या जुन्या योद्ध्याचं नाव दिलं होतं. तांदूळ आधी भाजायचा, मग रात्रभर भिजत ठेवायचा, मग शिजवायचा. सुझु मन लावून करते, भात पातेलंभर होतो, आणि चवीला असा लागतो की हे आनंदाने खाणारा कुसुनोकी खरोखरच थोर वीर असला पाहिजे, असा शेरा घरातून येतो. उपासमारीवरचं भाषण यापेक्षा जास्त काही सांगू शकलं असतं असं मला वाटत नाही.

सुझुला चित्रं काढायचा नाद आहे. १९४५ च्या जूनमध्ये उशिरा फुटणाऱ्या एका बॉम्बने ती उजवा हात गमावते, आणि त्या हाताला धरून चालणारी तिची छोटी भाचीही. इथून पुढची पार्श्वभूमीची चित्रं कोनोंनी स्वतःच्या डाव्या हाताने काढली. छपरं, डोंगर, रस्ते, सगळ्या रेषा थरथरत्या आणि वेड्यावाकड्या होतात. माणसं मात्र पूर्वीसारखीच नीट काढलेली. पान उलटताना आधी वाटतं की छपाई बिघडली. मग कळतं की जग आता त्या बाईच्या नजरेने वाकडं झालं आहे.

जिरो तानिगुची यांच्याबद्दल थोडं बोलतो, कारण ते अनेकांच्या आवडीचे आहेत, माझ्याही. त्यांची १९९१ सालची 'इनु ओ काउ' म्हणजे कुत्रा पाळण्याची कथा. मूलबाळ नसलेलं जोडपं, चौदा वर्षांचा ताम नावाचा कुत्रा, आणि त्याचे शेवटचे महिने. पाय लटपटतात, तो पडतो, त्याला धरून उभं करावं लागतं, पुढे सलाईन लावावं लागतं. तानिगुची केस न् केस रेखाटतात. रस्त्यात भेटणारी एक म्हातारी त्या कुत्र्यात स्वतःलाच बघते, आणि कथा एकदम माणसांच्या म्हातारपणाची होते.

पण त्यांच्याच 'आरुकु हितो' या कथांवर माझा एक आक्षेप आहे. एक माणूस आपल्या वस्तीत नुसता फिरतो, जवळजवळ काही न बोलता. चित्रं अप्रतिम आहेत. तो शांतपणे फिरत असतो तेव्हा घरी बायको काय करते आहे, हे मात्र पानांवर फारसं येत नाही. तिथे रेषा फिरणाऱ्याच्या बाजूने आहे. यामादा वाचल्यावर ही उणीव जास्तच जाणवते.

ती उणीव भरून काढणारं कुणी हवं असेल तर फुमी योशिनागा वाचा. 'किनो नानि ताबेता?' म्हणजे काल काय जेवलात. २००७ पासून चालू आहे. शिरो वकील, केन्जी केशकर्तनकार, दोघे पुरुष एकत्र संसार करतात. शिरो वेळेवर ऑफिसातून निघतो, बाजारात भाव बघतो आणि रात्रीचं जेवण करतो. कृती इतकी नेमकी असते की वाचून कुणालाही तो पदार्थ करता यावा. दोघांच्या जेवणाचा महिन्याचा खर्च २५,००० येनमध्ये बसवायचा हा शिरोचा हट्ट, आणि पुढे तो ३०,००० वर न्यावा लागतो. इथली पात्रं वाचकाबरोबर म्हातारी होतात. सुरुवातीला त्रेचाळीस वर्षांचा असलेला शिरो आता साठीला आला आहे. या सगळ्या काळात आईवडिलांचं आजारपण निघालं, ऑफिसातली माणसं बदलली, केन्जीचे केस विरळ होण्याची चिंता वाढली. ओट्यावर काय शिजतं आहे ते मात्र प्रत्येक भागात तितक्याच बारकाईने काढलेलं आहे, आणि ते शिजवणारा कोण हेही.