रेशमावर रंग पसरतोय? आधी तुरटीचं बोलू

नमस्कार मंडळी. चिनी फूल-पक्षी चित्रांच्या व्हिडिओखाली निम्म्या लोकांचं गाऱ्हाणं एकच: "दादा, रेशमावर रंग पसरतो." म्हणून आज तेवढंच.

बाकीचं पटकन उरकतो. चीनच्या सोंग राजघराण्याच्या काळात ही चित्रं बहरली, सम्राट ह्वेइझोंग स्वतः काढायचा. रेशीम चौकटीवर ताणायचं, बारीक शाईची रेघ, मग रंग, मागे कागद, खाली गुंडाळायची दांडी. झालं.

आता तुरटी. कोरं रेशीम पाणी पितं, म्हणून त्यावर आधी सरस आणि तुरटीचं पातळ पाणी फिरवायचं. जुनं चिनी माप उन्हाळ्यात सरस 7 भाग, तुरटी 3 भाग. हिवाळ्यात तुरटी तेवढीच, सरस 10. एकाने विचारलंय, "दाढीची तुरटी चालेल का?" अहो, तुरटी तीच, बिनवासाची असली की झालं. पण अंदाजपंचे टाकू नका! जास्त झाली तर रेशीम कडक होतं, त्यावर कण चमकतात आणि आम्लामुळे पुढे कापड कुजतं.

पाकळी रंगवताना बघा. एका हातात दोन ब्रश, एक रंगाचा, एक नुसत्या पाण्याचा. देठाकडे रंग ठेवायचा आणि पाण्याच्या ब्रशने कडेकडे विरवत न्यायचा. तुरटी नीट बसली नसेल तर विरवायला रंग जागेवर राहतोच कुठे? लोक ब्रश बदलतात, महागडे रंग आणतात. तुरटी मात्र बघत नाहीत.

"मी अ‍ॅक्रिलिक वापरतो, पसरत नाही," असंही एकाने लिहिलंय. वापरा की. पण रेशमाची गंमत त्याच्या झिरझिरीतपणात आहे. पांढऱ्या फुलाला मागून पांढरा रंग देतात, तो पुढे मऊ दिसतो. जाड थराने ते सगळं बुजवलंत, तर मग कॅनव्हास काय वाईट?

आणि चित्र पूर्ण झालं म्हणून सुटलात असं नाही. मागचा कागद ओल्या खळीने चिकटवतात. तिथेही कच्चा रंग फुटतो, महिन्याची मेहनत पाण्यात.

तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात सोंग काळातल्या त्सुई बाय या चित्रकाराचं 1061 सालचं चित्र आहे, जवळजवळ दोन मीटर उंच. वर दोन मॅगपाय पक्षी ओरडतायत, खाली ससा मान वळवून त्यांच्याकडे बघतोय. चित्रकाराने सही झाडाच्या खोडात लपवलीय. त्या सशाची लव मोठी करून बघा, केस न् केस सुटा आहे. तशी रेघ हवी, तर आधी रेशमाच्या एका चिंधीवर तुरटी लावा, वाळल्यावर शाईची रेघ ओढा. फुटली नाही, तरच मोठं कापड ताणा.