पणापासून सातबाऱ्यापर्यंत

हस्तिनापूरची द्यूतसभा. युधिष्ठिर राज्य हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला आणि मग द्रौपदीलाही. तिला सभेत न्यायला दुर्योधनाचा सेवक प्रतिकामी येतो. ती त्यालाच माघारी धाडते. जा, त्या जुगाऱ्याला विचार, आधी कोणाला हरलास? स्वतःला, की मला?

या प्रसंगातलं वस्त्रहरण सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला हा प्रश्न जास्त हलवून सोडतो. जो स्वतःच दास झाला, त्याची बायकोवर मालकी उरते का? भीष्मांसारखा भीष्म इथे अडखळतो. स्वतःचं काही न उरलेल्याला दुसऱ्याचं धन पणाला लावता येत नाही, हे खरं. पण स्त्री पतीच्या अधीन असते, हेही आहेच. धर्म फार सूक्ष्म, म्हणून ते थांबतात. धृतराष्ट्राच्या मुलांपैकी एकटा विकर्ण तिची बाजू घेतो. कर्ण त्याला गप्प करतो.

मनुस्मृती बायको, मुलगा आणि दास यांना निर्धन ठरवते. ते ज्याच्या मालकीचे, त्यांनी मिळवलेलं धनही त्याचंच. त्याच ग्रंथात स्त्रीधनाचे सहा प्रकारही सांगितलेत. म्हणजे दागिना तिचा. जमीन? विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेवर, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या त्याच्या टीकेवर, उभ्या राहिलेल्या कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेचा जन्मसिद्ध वाटा मुलग्यांनाच मिळत राहिला.

स्वातंत्र्यानंतर स्त्रियांना मालमत्तेत हक्क देऊ पाहणारं हिंदू कोड बिल अडवलं गेलं. 1951 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागचं एक मोठं कारण हेच. 1956 च्या वारसा कायद्याने मुलगी वारस झाली, पण मुलासारखी वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः सहहिस्सेदार नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये तो हक्क दिला, तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींना. देशभरातल्या लेकींना, लग्न झालेलं असो वा नसो, तो मिळायला 2005 उजाडलं.

आणि आज? वडील जातात. दिवसकार्य आटोपतं. भाऊ तलाठ्याकडे वारसनोंदीचं बघतो, आणि बहिणीपुढे एक कागद येतो. हक्कसोडपत्र. कोणी धमकावत नाही. आई फक्त म्हणते, "माहेर तुटायला नको गं." भाऊबीज जवळ आलेली असते. ती पेन घेते. कागदावर आधीच टाइप केलेलं असतं: स्वखुशीने, विनामोबदला.