दहावीचं काय, आणि थोरलीचं काय?

(वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘घरशाळा आणि दहावीची परीक्षा’. तो मी घेणारच आहे. पुढच्या रांगेत तिघांनी वह्या उघडून ठेवल्यात, तेही दिसतंय मला. पण माइक हातात आहे तोवर आधी माझं घोडं दामटून घेते.

मुलं शाळेत न जाता घरीच शिकली तर समाजात कशी मिसळणार, या प्रश्नाला आज वेळ देत नाही. ऐकून ऐकून तुमचेही कान किटले असतील. आमच्याकडे दोघा भावांची मिळून सहा मुलं आहेत. थोरली १७ वर्षांची, शेंडेफळ ६ वर्षांचं. सकाळी बाथरूमपुढे रांग लागते, तेवढ्यात काय मिसळायचं ते मिसळून होतं.

माझं डोकं फिरतं ते दुसऱ्याच एका वाक्यानं. सहा मुलं घरी शिकतात म्हटलं की समोरची बाई लगेच कौतुकानं म्हणते, “अगंबाई! मग बरंय, मोठी मुलगी धाकट्यांचं बघत असेल.” बघत असेल! आमचा दोन नंबरचा मुलगा १५ वर्षांचा आहे, चांगला ताडमाड वाढलाय. त्याच्याबद्दल हे वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नाही. ज्यांचा थोरला मुलगा आहे आणि ज्यांना असं कुणी म्हटलंय त्यांनी हात वर करा बघू. ... काका, तुम्ही पंख्याकडे बोट दाखवताय, ते धरत नाही मी.

आपल्या प्रत्येकाच्या घराण्यात एक अक्का होऊन गेलेली असते. पाठच्या भावंडांना कडेवर घेऊन जिची कंबर एका बाजूला झुकली, आणि जिला बाराखडीच्या पुढे कधी जाता आलं नाही. आपण तिचे गोडवे गातो, ‘आईच्या जागी होती हो’. तिची शाळा गेली कुठे, ते विचारत नाही.

ज्यांनी विचारलं त्या बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू झालं, १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. का? तर आदिवासी पाड्यांवर आईबाप कामाला गेले की तान्हं सांभाळायला घरातली मोठी मुलगी. तान्ह्याची सोय झाल्याशिवाय ताई वर्गात येणार कशी? गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळाच कुरणात नेली त्यांनी. आता गंमत बघा. त्या बायकांनी जी मुलगी घरातून सोडवून शाळेत आणली, तिलाच आपण, चांगले शिकलेसवरलेले लोक, हौसेनं घरी आणतो आणि पुन्हा तिच्या कडेवर मूल देतो. वर त्याला ‘सहशिक्षण’ म्हणतो!

म्हणून आमच्या घरात नियम आहे: थोरली मास्तरीण नाही. नऊ ते बारा ती माडीवर, दार लावून. त्या वेळात शेंडेफळ कुणाकडे, याचा कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे. त्यात जाऊबाई, मी, माझे यजमान, भावजी आणि सासरे अशी पाच नावं आहेत. सासऱ्यांच्या वारी पोरगं दिवसभर पत्ते खेळतं. खेळू दे. पत्त्यांच्या सात-आठच्या डावात त्याची बेरीज पक्की झाली.

पण नियमाचा खरा फायदा मला कळला तो लाइटच्या बिलावरून. जरा सविस्तर सांगते.

आमच्या सासऱ्यांचा एक सिद्धान्त होता. महिन्याचं बिल ३०० युनिटच्या वर गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो. त्यामुळे विसाव्या तारखेपासून घरात आणीबाणी. गिझर बंद, इस्त्री बंद, १३ वर्षांचा मुलगा रोज मीटरपुढे उभा राहून आकडा ओरडून सांगणार. मग एकदा ३१२ युनिट झाले. सासरे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. या पोरानं मात्र बिल उलटंपालटं करून वाचलं. मागे दरांचा तक्ता असतो ना, १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, तो घेऊन बसला. पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड. एकूण जुळेना. स्थिर आकार विसरला होता. मग तो धरला, तर वहन आकार राहिला. मग वीज शुल्क. असा जवळजवळ आठवडा गेला. शेवटी पैशापर्यंत जुळलं, आणि आजोबांपुढे पाकीट ठेवून म्हणाला, “आजोबा, चढा दर फक्त वरच्या १२ युनिटना लागलाय.”

आजोबा कसले ऐकतात! “छापण्यात चूक असेल.” मग जुनी बिलं निघाली. सगळी तपासून झाल्यावर सासरे हळूच म्हणाले, “म्हणजे इन्कम टॅक्ससारखंच की.” हा माणूस जन्मभर स्वतःचा टॅक्स स्वतः भरत आलाय!

पुढचं ऐका. हे सगळं चाललं असताना थोरली तिथेच मटार सोलत बसली होती. रात्री मला म्हणाली, “काकू, मला माहीत होतं ते.” मी म्हटलं, “मग सांगायचं नाहीस?” तर म्हणे, “त्यानं विचारलं कुठे?” तिनं सांगितलं असतं तर पाच मिनिटांत प्रकरण मिटलं असतं. पोराला उत्तर मिळालं असतं आणि हिच्या गळ्यात आणखी एक विद्यार्थी पडला असता. गिझर आता महिनाभर चालू असतो, हा वरकड नफा.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे’. मघाशीही आली होती, मी तिचा बोळा केला. बरं, वह्यावाले, लिहा.

कायदा: शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, वय ६ ते १४. कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा या कायद्यात नाही. घरशाळेचा उल्लेखही नाही. म्हणजे आपण उंबरठ्यावर उभे आहोत, हे समजून राहायचं.

दहावीचे दोन मुख्य रस्ते. एक, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज. त्यासाठी आधीच्या शाळेचा दाखला मागतात, त्यामुळे पहिलीपासून घरीच असलेल्यांची पंचाईत होते. दुसरा, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीसाठी वय १४ पूर्ण हवं, किमान पाच विषय. मराठी माध्यम आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास. नोंदणी पाच वर्षं चालते, नऊ संधी मिळतात. विषय एकेक करून दिले तरी चालतात, आणि मोठ्या कुटुंबाला हे फार सोयीचं. थोरलीनं आधी मराठी आणि गणित उरकलं, बाकीचे नंतर. एका वर्षी दोन मुलांची नोंदणी करू नका. फी जमवाल हो, पण त्या घरी लिहून द्यायच्या असाइनमेंटच्या मागे धावताना जीव जातो. आणि थोरलीला धाकट्याच्या असाइनमेंट तपासायला बसवाल, तर मी एवढा वेळ काय पालथ्या घड्यावर पाणी घातलं?

शेवटचं, कागदपत्रं. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, घरी गेल्या गेल्या बघा. मधल्या नावाचं स्पेलिंग हमखास वेगळं निघतं. दाखल्यावर बाळाचं नावच घातलेलं नसेल तर नगरपालिकेत जाऊन घालून घ्या, त्याला १५ वर्षांची मुदत असते. तुमच्यात असे किती जण आहेत? चार? बाप रे. तुम्ही चौघं चहाआधी मला भेटा.