बिळातला कुत्रा घरात

(दृश्य: अंगणात माती उडतेय. खड्ड्याबाहेर दिसतंय ते फक्त शेपूट.)

हा जॅक रसेल टेरियर. वजन पाच-सहा किलो. लॅटिनमध्ये ‘टेरा’ म्हणजे जमीन, त्यावरून टेरियर. इंग्लंडमधल्या डेव्हनचे पाद्री जॉन रसेल यांनी 19व्या शतकात ही कुत्री कोल्ह्याच्या शिकारीसाठी जोपासली. कोल्हा बिळात दडला की यानं आत शिरायचं आणि भुंकून त्याला बाहेर काढायचं.

(दृश्य: पुढच्या पायांमागून छातीला घातलेला दोन हातांचा वेढा.)

अंगठे वर, बोटं खाली, आणि टोकं जुळतात. छाती याहून रुंद असेल तर बिळात अडकलाच म्हणून समजा.

बिळात हुकूम द्यायला मालक नसतो. पुढं जायचं की थांबायचं, हे कुत्र्यानंच ठरवायचं. घरात आपण त्यालाच हट्टी म्हणतो.

ओरडून उकरणं थांबत नाही. तुमची पाठ वळली की कुंडी आडवी. त्याला हक्काचा खड्डा द्या: मीटरभर रुंद, दीड फूट खोल, वाळू आणि भुसभुशीत माती भरलेला. पहिल्या दिवशी खेळणं अर्धं वर दिसेल असं पुरा, मग रोज थोडं खोल. कुंडीकडे वळला की गुपचूप उचलून इथं आणा. इथं उकरलं की शाबासकी. खड्ड्यात काही सापडेनासं झालं, तर स्वारी पुन्हा कुंडीकडे. फ्लॅटमध्ये खोकं, जुन्या चिंध्या आणि तळाशी खाऊ, एवढ्यावर भागतं.

हाकेला येणं दहा मीटरच्या दोरीवर शिकवा. दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधा; गळपट्ट्याला बांधली तर धावताना मानेला हिसका बसतो. नाव एकदाच घ्या. आला की हरभऱ्याएवढा चिकनचा तुकडा, आणि लगेच पुन्हा मोकळा सोडा. फक्त घरी न्यायलाच बोलावलंत, तर तो चार दिवसांत हाक टाळायला शिकतो. नाक बिळात गेलं असेल तेव्हा हाका मारूच नका, त्या वाया जातात. दोरी गुंडाळत जवळ जा.

उंदराच्या मागे तर तो लागणारच. त्यामुळे लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस चुकवू नका, मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर नाहीच. आणि घरात उंदराचं विष नको. रक्त गोठू न देणाऱ्या विषाची लक्षणं दिसायला काही दिवस लागतात; तोवर कुत्रा ठणठणीत वाटतो. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी विषाचं पाकीट घेऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा.