जुन्या गाडीची गंजलेली टाकी

नमस्कार मंडळी. ज्यांच्याकडे जुनी कार्बोरेटरवाली गाडी आहे त्यांच्यासाठी आज बोलतोय, आणि विषय आहे पेट्रोलची टाकी. काय होतं बघा, गाडी झटकन स्टार्ट होते, आयडलला छान चालते, पण जरा दाबली की मिसिंग मारते आणि बंद पडते, आणि बाजूला घेऊन थोडं थांबलं की काही झालंच नाही अशी परत सुरू! लोक मग प्लग बदलतात, कॉइल बदलतात, बिचारा कार्बोरेटर उगाच खोलला जातो. अहो, आधी फिल्टर काढून बघा, आत विटकरी भुकटी सापडली तर चोर टाकीत आहे. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या टोकाला बऱ्याच गाड्यांत बारीक जाळी असते, इंजिन चालू असताना गंजाचा चुरा तिच्यावर खेचला जाऊन चिकटतो, बंद केलं की सुटून खाली बसतो.

हा गंज बऱ्याचदा तळाला नाही, छताला सुरू होतो. अर्ध्या टाकीवर गाडी महिनोन्महिने उभी राहिली की वरच्या रिकाम्या जागेतल्या हवेतलं बाष्प गार पत्र्यावर धरतं, आणि तिथे टॉर्च मारून कोण बघतंय. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल, ते पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी जाऊन बसतात आणि तिथला पत्रा खातात. बाहेरून गंज धरतो तो टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखाली, जिथे ओल अडकून राहते.

टाकी उतरवायची तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि हे काम पिटवर अजिबात नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साचून राहते. आणि रिकामी टाकी म्हणजे सेफ टाकी असं समजू नका, उलट आहे. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली की ठिणगीला भडका उडतो, भरलेल्या टाकीत वाफ सहसा त्याहून दाट असते, रिकामीत मात्र नेमकं जुळून येतं. पाण्याने धुतली म्हणून वेल्डिंगला बसू नका, जोडात मुरलेलं पेट्रोल पत्रा तापला की परत वाफ सोडतं. टाक्यांचंच काम करणाऱ्या माणसाकडे द्या, हौस म्हणून करायची ही गोष्ट नव्हे.

आता ठेवायची की बदलायची? तळाचे कोपरे आणि जोड स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक आत गेलं तर विषय संपला, नवीन टाकी शोधा. पत्रा कडक वाटला तर सगळी तोंडं बंद करून तोंडाने फुंकर मारावी इतकीच हवा द्या आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. कॉम्प्रेसर जोडू नका, टाकी फुगते आणि परत बसत नाही.

नुसता गंजच असेल तर आत मूठभर नट टाकून हलवायचे, पण मोजून टाका आणि मोजून काढा, आतल्या आडव्या पत्र्यामागे एखादा हमखास लपतो. मग सायट्रिक ॲसिडचं पाणी काठोकाठ भरून ठेवायचं, छत विसरायचं नाही. ते काढून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं, साध्या पाण्याने धुवायचं, आणि लगेच गरम हवेने वाळवायचं. लगेच म्हणजे खरंच लगेच, उघडा पडलेला पत्रा बघता बघता नारिंगी होतो. स्पिरिटने वाळवणार असाल तर गरम हवेचं यंत्र लांब ठेवा.

आतून लायनर, म्हणजे पत्र्यावर बसणारा लेप, ओतायचा का? माझं मत, शक्यतो नको. तेलाचा थोडा जरी अंश राहिला तरी काही काळाने लायनरचे पापुद्रे सुटतात आणि गंजापेक्षा वाईट चोकअप करतात, आणि जुन्या प्रकारचे काही लायनर तर इथेनॉलने विरघळतात. ओतायचाच असेल तर इथेनॉल चालणारा इपॉक्सी घ्या, आणि तो सेट होईपर्यंत नळ्यांमधून अधूनमधून हवा मारत राहा, नाहीतर त्याच बुजतील.

नवीन टाकी घेताना जुनी शेजारी ठेवून तोंडाचा कोन, फ्लोट युनिटची (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या भागाची) भोकं, हवेची नळी, जादा पेट्रोल परत आणणारी रिटर्न नळी असेल तर तीही, सगळं जुळवून मगच पैसे द्या. ॲल्युमिनियमची असेल तर लोखंडी पट्ट्यांखाली पाणी न धरणारी रबरपट्टी हवीच. रबर होज इथेनॉलला टिकणारे घाला, आणि इंजिनपर्यंतची नळी फुंकून साफ करा, जुना चुरा तिथेही असतो. बसवल्यावर पेट्रोलचा काटा उलटसुलट दाखवायला लागला तर नवीन गेज आणायला पळू नका, ताज्या रंगामुळे आणि रबरामुळे टाकीचं अर्थिंग बहुधा तुटलेलं असतं, फ्लोट युनिटपासून बॉडीला एक वायर टाकून बघा.