काम संपलं, खर्च चालूच

नमस्कार श्रोतेहो.

आज एका शेळीपासून सुरुवात करतो. अंगोरा जातीची शेळी. तिच्या लोकरीला मोहेर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर कोरियाच्या युद्धात अमेरिकेला सैनिकांच्या गणवेशांसाठी लोकर कमी पडली. म्हणून १९५४ मध्ये तिथं लोकर पिकवणाऱ्यांना अनुदान देणारा कायदा झाला आणि मेंढीच्या मागोमाग ही शेळीही त्यात शिरली. पुढं कृत्रिम धागे आले. १९६० मध्ये लोकर लष्करी महत्त्वाच्या मालाच्या यादीतून निघाली. अनुदान मात्र आणखी तीसहून जास्त वर्षं टिकलं.

यात कुणी चोरी केली नव्हती, हे लक्षात घ्या. सगळं कायद्यानं, सही-शिक्क्यानिशी. अनुदान घेणारे मूठभर असतात आणि त्यांना आपली पै न पै ठाऊक असते. देणारे कोट्यवधी, आणि प्रत्येकाच्या खिशातून जाणारा वाटा इतका बारीक की त्यासाठी कुणी एक दिवसाची रजाही टाकणार नाही. मग कायदेमंडळाच्या दारात कोण उभं राहणार?

इंधनाचं तर विचारूच नका. कित्येक देशांत गरिबाच्या नावानं भाव खाली धरले जातात. पण ज्याच्या दारात दोन गाड्या, त्याच्या पदरात जास्त पडतं. पायी जाणाऱ्याला बसभाड्यातून काय झिरपेल तेवढंच. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हे.

आता माणसांकडे वळू. खोगीरभरती हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे. तिचा हिशेब मांडला पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश इतिहासकारानं, १९५५ मध्ये. १९१४ साली ब्रिटिश आरमाराच्या सेवेत ६२ मोठ्या युद्धनौका होत्या. १९२८ साली उरल्या २०. त्याच काळात आरमाराच्या मुख्यालयातले अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. जहाजं घटली, टेबलं वाढली! त्याचं कारण त्यानं सांगितलं तेही मजेशीर आहे. कामानं थकलेला अधिकारी आपलं काम बरोबरीच्या माणसाला वाटून देत नाही, तो उद्या स्पर्धक होईल. तो हाताखाली दोघं मागतो. एकच मागितला तर तोही बरोबरीचाच होऊन बसेल ना! मग ते दोघं एकमेकांना टिपणं पाठवतात, हा त्यांवर शेरे मारतो, आणि तिघंही खरोखरच उशिरापर्यंत बसून राबतात. आळशी कुणीच नाही, हीच यातली गोम आहे.

तुम्ही म्हणाल, इकडे रुग्णालयात परिचारिका मिळत नाही आणि हा गृहस्थ माणसं जास्त झाली म्हणतो. दोन्ही खरं आहे, आणि एकाच वेळी खरं आहे. जिथं लोक रांगेत उभे असतात तिथली पदं रिकामी, आणि जिथं फक्त फाईल फिरते तिथली भरलेली. म्हणूनच सरसकट भरतीबंदीवर माझा विश्वास नाही. तिचा घाव पडतो जिथून माणसं सोडून जातात तिथं, म्हणजे रात्रपाळीच्या, धावपळीच्या जागांवर. मुख्यालयातला आरामात बसलेला माणूस कशाला सोडून जाईल? वर्गात शिक्षक नसतो, पण शिक्षकांच्या हजेरीचं विवरणपत्र मागवणारा विभाग जागच्या जागी असतो. त्यापेक्षा एकेक पद तपासावं, आणि ज्याचं काम संपलं ते पद त्यावरचा माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबरच संपवावं. कुणाच्या पोटावर पाय येत नाही.

अनुदानं अशी हळूहळू जात नाहीत. न्यूझीलंडनं १९८४ पासून शेतीची बहुतेक अनुदानं झटक्यात काढली. दहातला एक शेतकरी उठेल अशी भीती होती. प्रत्यक्षात शेती सोडावी लागली ती सुमारे एक टक्क्याला. त्या टक्क्यातल्या घरांची ती वर्षं वाईट गेली, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण उरलेल्यांनी मेंढ्या कमी केल्या आणि बाजारात जे विकलं जात होतं ते पिकवायला घेतलं.

आणि ती शेळी? १९९३ मध्ये अमेरिकेनं तिचं अनुदान बंद करायचा कायदा केला, १९९५ पर्यंत ते थांबलंही. २००२ च्या शेती कायद्यात मोहेर पुन्हा आत आलं होतं.

नमस्कार.