कोच बदला, पाणी ओसरेल

[दृश्य: पहाट. नेरूळचा धारण तलाव. कडेच्या वाटेवर चालणारी माणसं. कॅमेरा एका लाल जर्सीवर येऊन थांबतो.]

सकाळचे सव्वासहा. पाम बीच रोडलगतचा हा नेरूळचा तलाव, 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'. इथे चालायला येणारे निम्मे निवृत्त असतात आणि निम्मे डॉक्टरांनी पाठवलेले. तो लाल जर्सीवाला दोन्ही गटांत मोडतो. तो माझा मामा. जर्सीवरची 'शार्प' ही जुन्या प्रायोजकाची अक्षरं धुऊन धुऊन इतकी पुसट झालीत, की आधीपासून माहीत असेल त्यालाच वाचता येतात. मामीने ती दोनदा फरशी पुसायला काढली होती. दोन्ही वेळा घरात आठवडाभर अबोला होता.

मामा मँचेस्टरला कधी गेलेला नाही. तसा तो विरारलाही गेलेला नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्यात त्याची 31 वर्षं गेली, त्यातली शेवटची 12 शिफ्ट इनचार्ज म्हणून. मँचेस्टर युनायटेडची 26 मे 1999 ची ती चॅम्पियन्स लीग फायनल झाली तेव्हाही तो नाइटलाच होता. बार्सिलोनाच्या मैदानावर बायर्न म्युनिक 1-0 ने पुढे, 90 मिनिटं संपलेली, आणि मग वाढवून दिलेल्या मिनिटांत युनायटेडच्या शेरिंगहॅम आणि सोल्शायरचे दोन गोल. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्रीनंतरचे दोन वाजायला आले होते. सकाळच्या पेपरात निकाल नव्हता, पेपर आधीच छापून झालेला. कारखान्याच्या गेटवर एका सहकाऱ्याने पायाने आणि हातवाऱ्यांनी दोन्ही गोल करून दाखवले. मामा युनायटेडच्या प्रेमात पडला तो असा, न पाहिलेल्या मॅचवरून.

[दृश्य: मामाचं घर. भिंतीवर दिनदर्शिका. टेबलावर वह्या.]

या त्याच्या वह्या. दर मोसमाचं एक पान. युनायटेडचे कोच फर्ग्युसन 2013 साली निवृत्त झाले तिथे लाल रेघ मारलेली. त्यांच्या साडेसव्वीस वर्षांत इंग्लिश लीगची 13 विजेतेपदं. रेघेनंतर पुढच्या कोचची नावंच नावं: मोयेस, व्हॅन खाल, मोरिन्हो, सोल्शायर, टेन हाग, अमोरिम. प्रत्येक नाव आधी पेनने लिहिलेलं, मग खोडलेलं.

मामाला 'कोच बदला' म्हणणाऱ्यांचा भयंकर राग येतो. त्याचं म्हणणं एवढंच, की सहा जणांना जमलं नाही तर दोष सहा जणांत नसतो.

[मामाचा आवाज] 'अगं, ग्लेझर लोकांनी 2005 ला क्लब घेतला, 79 कोटी पौंडांना. पैसे कुणाचे? बरेचसे कर्जाचे. आणि कर्ज कुणाच्या डोक्यावर? क्लबच्याच! म्हणजे मी आपल्या सोसायटीत फ्लॅट घ्यायचा आणि हप्ता तुमच्या मेंटेनन्समधून कापायचा. त्याआधी क्लबवर एक पैसा कर्ज नव्हतं. मग छप्पर गळणार नाही तर काय होणार?'

छप्पर खरोखरच गळलं. 12 मे 2024. आर्सेनलविरुद्धची मॅच 0-1 ने हरल्यावर पावसाचं पाणी युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमच्या छतावरून धबधब्यासारखं खाली आलं आणि जगभर ते व्हिडिओ फिरले. आमच्या फॅमिली ग्रुपवर मामाने तो दिवसभरात चारदा टाकला. खाली एकच शब्द: 'मेंटेनन्स'.

त्याच वर्षी फेब्रुवारीत जिम रॅटक्लिफ आले, तेव्हा मात्र मामाचा चेहरा उजळला होता. सुमारे पाव हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हाती घेणारा हा माणूस केमिकल इंजिनिअर. त्यांची इनिऑस ही पेट्रोकेमिकल कंपनी. 'आपल्या लाइनीतला माणूस आहे, प्लँट चालवलेला,' असं मामा भाजीवाल्यालाही सांगत होता. वर्षभरात तो उत्साह विरला. क्लबने आधी 250 नोकऱ्या कमी केल्या, मग आणखी कपातीची घोषणा केली, आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या कर्मचाऱ्यांचं फुकटचं जेवण बंद करून त्याऐवजी फळं ठेवायचं ठरवलं. बाकी सगळं मामाने पचवलं असतं. कँटीन नाही.

[मामाचा आवाज] 'कँटीनला हात लावणारा मॅनेजर मी 31 वर्षांत टिकलेला बघितला नाही. माणूस पगारवाढ विसरतो गं, पण डाळ पातळ झालेली विसरत नाही.'

मार्च 2025 मध्ये नव्या स्टेडियमची चित्रं आली. 1 लाख आसनं, वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांचा आराखडा, वर छत्रीसारखं अवाढव्य आच्छादन, त्यावरचं पावसाचं पाणी साठवून वापरायची योजना. मामाने चष्मा वर करून ते चित्र निरखलं. म्हणाला, 'छप्पर सांधता येईना, म्हणून छत्री घेतली.'

[दृश्य: डी. वाय. पाटील स्टेडियम, बाहेरून. सायन-पनवेल महामार्गाची वाहतूक.]

घरापासून हे स्टेडियम रिक्षाने दहा मिनिटांवर. 2014 मध्ये मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचे पहिले घरचे सामने इथेच झाले. अनेल्का आणि युंगबर्गसारखे युरोपातले नावाजलेले खेळाडू नेरूळला येणार, हे मामाला शेवटपर्यंत खरं वाटत नव्हतं. 2017 ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाची एक सेमीफायनल इथे झाली, 2022 ला मुलींच्या विश्वचषकाची फायनल. स्पेनने कोलंबियाला 1-0 हरवलं, तोही स्वयंगोल. मुंबई सिटी मात्र 2016 ला अंधेरीला गेली, पुढे मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या गटाने ती घेतली, आणि मामाने तिचं नाव टाकलं. युनायटेडच्या माणसाने सिटीच्या पैशावर वाढलेल्या टीमसाठी टाळ्या वाजवायच्या नसतात, हे तत्त्व. तिने 2021 ला आणि 2024 ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली, तेव्हा दोन्ही वेळा तो चॅनेल बदलून बातम्या बघत होता. मामीची साक्ष आहे.

[दृश्य: जोरदार पाऊस. गुडघाभर पाण्यातून जाणारी रिक्षा.]

आता त्याचं दुसरं मत.

मामा हवामान बदल मानत नाही. 'मानत नाही' म्हणजे, तापमान वाढतं हे ऐकून घेतो, पण त्यामागे काही मोठं कारण आहे असं कुणी म्हटलं की हात झटकतो. त्याच्या लेखी प्रत्येक आपत्तीचं नाव एकच आहे: मॅनेजमेंट.

26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस. मामा म्हणतो, मिठी नदी तुंबवली, नाले बुजवले, म्हणून माणसं गेली. हे चूक नाही. त्या पुरावरच्या माधव चितळे समितीच्या अहवालातही नाल्यांचं आणि मिठीचं दुखणं आहेच.

16 एप्रिल 2023. खारघरचं मैदान, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, भर दुपार, डोक्यावर छप्पर नाही. 14 माणसं उष्माघाताने गेली. मामा म्हणतो, एप्रिलात कोकणात ऊन असतंच, दुपारी लाखोंना उघड्यावर बसवलं कुणी? हेही चूक नाही. मला तर वाटतं, तो प्रश्न त्याच्याइतक्या रागाने फार थोड्यांनी विचारला.

आणि 26 मे 2025. दरवर्षी या तारखेला मामा जुनी जर्सी घालतो, 1999 च्या त्या फायनलच्या आठवणीत. मूड आधीच गेलेला. पाचच दिवसांपूर्वी युनायटेड बिल्बाओमध्ये टॉटनहॅमकडून युरोपा लीगची फायनल हरली होती, आणि लीगमध्ये तर पंधरावा नंबर. त्यात सकाळपासून धो धो पाऊस. 11 जूनच्या आसपास यायचा तो मान्सून 16 दिवस आधी मुंबईत, 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधी नाही. कुलाब्याच्या मे महिन्यातल्या पावसाचा 1918 पासूनचा विक्रमही त्याच दिवशी मोडला. वरळीकडचं नवं भुयारी मेट्रो स्टेशन पाण्याखाली गेलं, ज्याला सुरू होऊन महिनाही झाला नव्हता.

[मामाचा आवाज] 'बघ. स्टेशन कुणी बुडवलं? पावसाने? पाऊस पडणारच. पाऊस आज नवीन आलाय का?'

त्याच्या संशयाला एक बाजू आहे, आणि ती मी टाळणार नाही. तो फुटबॉल बघतो. फुटबॉलमध्ये पर्यावरणाच्या गप्पा कोण मारतं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कतारचा 2022 चा विश्वचषक 'कार्बनच्या हिशोबात शून्य' असल्याचा गाजावाजा झाला, आणि पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या जाहिरात-नियामकांनी फिफाचा तो दावा दिशाभूल करणारा ठरवला. 2023 ची जागतिक हवामान परिषद दुबईत भरली, तिचे अध्यक्ष अबुधाबीच्या तेल कंपनीचे प्रमुख. जर्सीवर विमान कंपन्या, मालक तेलाचे, आणि मध्यंतरात झाड लावण्याची जाहिरात. मामा हे सगळं एकाच टोपलीत टाकतो आणि झाकण लावतो. जो आपल्याला तेल विकतो तोच पृथ्वी वाचवा म्हणतो, तर पृथ्वीचंच काहीतरी खोटं असणार, असा त्याचा हिशोब.

जोडीला तो फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सचं नाव घेतो. हा इंग्लंडमधला शाकाहारी, सौर ऊर्जेवाला क्लब, 2023 आणि 2024 अशा लागोपाठ दोन वर्षी खालच्या विभागात घसरला. 'वांगी खाऊन हेडर लागत नाही.' हे मामाचं वैज्ञानिक विधान समजू नये.

[दृश्य: तलावाचं खाडीकडचं टोक. पाण्यात अर्धवट बुडालेली लोखंडी झडप.]

पण मुळात हा तलाव कशाला आहे ते बघू. नवी मुंबईचा मोठा भाग खाडीकाठच्या खाजण जमिनीवर भर घालून उभा केला, बऱ्याच ठिकाणी भरतीच्या पातळीहूनही खाली. म्हणून सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव ठेवले. भरतीला खाडी चढली की झडप मिटते, खाडीचं पाणी आत येत नाही, आणि शहरावर पडलेला पाऊस तलावात वाट बघत थांबतो. ओहोटी लागली की झडप उघडते, पाणी खाडीत जातं. सगळं शहर या दोन वेळांच्या मधल्या जागेत राहतं.

मामाला हे पाठ आहे. प्लँटचा माणूस, झडपा त्याच्या घरच्या. तो म्हणतो, तलाव गाळाने भरलेत, आत खारफुटी वाढलीय, ती तोडायला न्यायालयाची परवानगी लागते, म्हणून वर्षानुवर्षं गाळ निघत नाही, म्हणून पाणी रस्त्यावर. पुन्हा खरं. पुन्हा मॅनेजमेंट.

मी त्याला विचारलं, मामा, समज गाळ काढला. तलाव पहिल्यासारखा खोल झाला. पण समुद्र चढला आणि झडप मिटून राहण्याचा वेळ वाढला तर? आणि पूर्वी दिवसभरात पडायचा तो पाऊस तीन तासांत पडला तर? हवा एका अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. पुण्याच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये मांडलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्यांना बाष्प पुरवतो तो आपला अरबी समुद्र. 2024 हे साल तर औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाच्याही वर गेलेलं.

मामा म्हणाला, 'गाळ काढला की बघू.'

इथे मला त्या वह्या आठवल्या. युनायटेडच्या बाबतीत मामा कोचपाशी थांबत नाही. सहा नावं खोडून तो मालकापर्यंत, कर्जापर्यंत, 2005 सालापर्यंत मागे जातो. पाण्याच्या बाबतीत मात्र नालेसफाईच्या ठेकेदाराला पकडतो आणि तिथेच थांबतो. ठेकेदार म्हणजे कोचच की. त्याच्या वर कोणी बसलंय का, हे बघायला तो जिना चढत नाही.

मी हे त्याला जसंच्या तसं बोलून दाखवलं. कॅमेरा चालू होता.

[दृश्य: मामाचा चेहरा. बराच वेळ काही बोलत नाही. मागे मिक्सरचा आवाज.]

मामाचं एक वाक्य आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकलंय. 'अलार्म वाजल्यावर धावतो तो ऑपरेटर, चार्टवरची रेघ बघून आधीच उठतो तो इनचार्ज.' कंट्रोल रूममध्ये कागदाच्या गुंडाळीवर पेन सरकत असायचं, तापमानाची रेघ ओढत. एखादा उंचवटा आला तर कुणी घाबरायचं नाही. रेघच वर सरकायला लागली की मामा खुर्चीतून उठायचा. या एका सवयीवर त्याच्या शिफ्टमध्ये कधी मोठा अपघात झाला नाही.

त्या दिवशी तो उठला, पण चहा ठेवायला. आतून म्हणाला, 'तुमच्या त्या शास्त्रज्ञांचा चार्ट मी बघितलेला नाही. बघितल्याशिवाय सही करत नसतो मी.' मग, दूध उतू जायच्या बेतात असताना, 'पाठव मला. मोठ्या अक्षरात पाठव.'

पाठवला. निळ्या टिका आल्या. उत्तर म्हणून अमोरिमच्या तीन डिफेंडरच्या पद्धतीवर लांबलचक मेसेज.

[दृश्य: भिंतीवरची दिनदर्शिका, जवळून. जून ते सप्टेंबरची पानं एकामागून एक उलटताना.]

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी आम्ही घरातली किरकोळ दृश्यं घेत होतो. ऑगस्टपासूनच्या पानांवर युनायटेडच्या मॅचेस लाल पेनने, भारतीय वेळेसकट. आणि जूनपासूनच काही तारखांभोवती निळी वर्तुळं, शेजारी बारीक आकडे: 4.6, 4.7, 4.8.

विचारलं, हे काय?

[मामाचा आवाज] 'भरती. साडेचार मीटरच्या वरची. त्या दिवशी पाऊस लागला तर झडप मिटलेली असणार. स्कूटर आदल्या रात्रीच स्टेशनच्या पुलाखाली चढावर नेऊन लावतो. मीटरची पेटी पण दोन फूट वर घ्यायला लावली सोसायटीला, भांडून.'

कधीपासून लिहितोस?

'झाली चार-पाच वर्षं. आधी वर्षाला दोनच वर्तुळं करायचो.'

आता?

मामाने पानं मागे-पुढे करून मोजली. ओठ हलत होते. मग दिनदर्शिका सरळ केली, खिळ्यावर नीट बसवली, आणि मामीला हाक मारून विचारलं की निळं पेन कुठे ठेवलंय.